एका व्हॉल्व्हला एकच हात

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात: औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या आमची मंडळी भंगारवाल्याच्या पिशवीत ओतून मोकळी होते. किस्से मात्र कोणी नेत नाही! एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि चहा गार होतो.

परवा भाचीनं बेंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्याची तिची कंपनी दाखवायला नेलं. तिथे नळ्यांच्या मध्ये एक चौकोनी डबी बसवलेली. "मामा, हा मास फ्लो कंट्रोलर. वीस म्हणून आकडा दिला की गॅस वीसच जातो. कमी नाही, जास्त नाही." मी त्या डबीला हात जोडले. आमच्या वेळी एवढ्याच कामाला चार माणसं लागायची, आणि त्या चौघांत मिळून धड डोळ्यांच्या जोड्या तीनच होत्या!

चौथी जोडी रामोजीअण्णांची. तिच्याबद्दलच सांगायचंय.

बेळगावहून डिप्लोमा घेऊन मी बेंगळुरात आलो तेव्हा साठचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचा कारखाना रेडिओच्या काचेच्या ट्यूबा बनवायचा. त्या ट्यूबांच्या पोटातले निकेलचे नाजूक तुकडे भट्टीतून लख्ख करून काढायचे, आणि भट्टीत हवेऐवजी हायड्रोजन खेळवायचा. हायड्रोजन जास्त गेला तर वाया, कमी गेला तर तुकडे मळकट. आणि फारच कमी झाला तर बाहेरची हवा आत शिरते. तापलेल्या भट्टीत हवा आणि हायड्रोजन एकमेकांना भेटले की कारखान्याचं छप्पर थेट यशवंतपूरला!

हा गॅस सांभाळायचे रामोजीअण्णा. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले आणि परतीचा रस्ता विसरले, असं तेच सांगत. घरात मराठी, तीही निम्मी कन्नडमध्ये बुडवून काढलेली. महाराष्ट्र त्यांनी नकाशातही धड पाहिला नव्हता. वयाची चौपन्न वर्षं झालेली, नोकरीची चार उरलेली, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. वर्षाच्या मेडिकलमध्ये हे सापडलं तर अण्णा पॅकिंग खात्यात जाणार, खोक्यांना सुतळी बांधायला. हे आम्हाला कळलं नंतर. आधी कळले अण्णा.

*

पहिल्याच दिवशी अण्णांनी मला हायड्रोजनच्या सुईच्या व्हॉल्व्हपाशी बसवलं. पॅनेलवर काचेची उभी नळी, तळाशी निमुळती, वर रुंद होत गेलेली. गॅस खालून वर जातो आणि आतला छोटासा भोवरा उचलून धरतो. भोवरा जितका वर, तितका गॅस जास्त. कन्नडमध्ये भोवऱ्याला बुगुरी म्हणतात, म्हणून अख्ख्या सेक्शनमध्ये तो बुगुरीच.

"उघड रे, स्वल्प," अण्णा म्हणाले.

मी उघडला.

"इन्नू स्वल्प."

आणखी उघडला. बुगुरी बारावर जाऊन गिरक्या घ्यायला लागली. आमचे सुब्रह्मण्यम साहेब मागे उभे होते. फार हुशार माणूस, सेक्शनचे इंजिनियर. प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायचा त्यांना नाद होता. त्यांनी डायरी काढली. "मिस्टर रामोजी, स्वल्प म्हणजे नक्की किती? अर्धा फेरा? पाव फेरा?"

अण्णांनी विचार केला. "घाई असली तर पाव, सर. नसली तर त्याच्याहून कमी."

साहेबांनी दोन मिनिटं डायरीकडे पाहिलं आणि मग ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं! पुढे नव्या माणसांसाठी त्यांनी जो सूचनांचा तक्ता टांगला त्यात तिसऱ्या नंबरला ते इंग्रजीत होतं.

*

अण्णांचं ट्रेनिंग असं तुकड्यातुकड्यांनी चालायचं. सिलिंडर उघडताना मी अगदी रेग्युलेटरच्या तोंडासमोर छाती काढून उभा राहिलो, तर अण्णांनी बाही धरून बाजूला ओढलं.

"देवळात गाभाऱ्यासमोर मधोमध उभा राहतोस?"

"नाही अण्णा. बाजूला राहतो."

"का?"

"देवाची नजर थेट अंगावर येते म्हणतात."

"मग हितं पण तसंच. बाजूला राहायचं, हळू उघडायचं, देव जागा झाला की मग पुढं यायचं." त्या दिवसापासून आजतागायत मी साधा घरचा गॅससुद्धा बाजूला उभा राहून उघडतो. आमची मंडळी म्हणते, अहो, ती शेगडी आहे, व्यंकटरमण नाही!

*

आकडा वाचण्यावरून एकदा मोठं भांडण झालं. तुकडे तपासायला असेंब्लीतून सरोजक्का यायच्या. चार फूट दहा इंच उंची आणि आवाज सहा फुटी. त्या म्हणाल्या, बुगुरी साडेअकरावर आहे. मी ताडमाड, मी म्हणालो साडेबारा. साहेब खुर्चीत बसून म्हणाले बारा. तिघंही हट्टाला पेटलो. नळी एक, बुगुरी एक, आणि आकडे तीन!

अण्णांनी शांतपणे साबणाच्या पाण्याची वाटी आणली. दुसऱ्या एका खुणा केलेल्या काचनळीत साबणाचा एक पडदा धरला, खालून गॅस सोडला, आणि साहेबांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. पडदा खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत किती सेकंदांत चढला त्यावरून खरा गॅस किती ते निघतं. साबणाला कोणाची भीड नसते. निघाले बारा.

माझं तोंड पडलं. अण्णा म्हणाले, "देसाय, तू वरून बघतोस म्हणून तुला जास्त दिसतं. अक्का खालनं बघते म्हणून तिला कमी. बुगुरीच्या समोर डोळा आणायचा. गॅस काय तुझ्यासाठी वाकणार नाय. तू वाक!"

दुसऱ्या दिवशी पॅनेलपुढे एक स्टूल आलं आणि त्याच्याजवळ एक पाट. स्टूल मला बसायला, पाट सरोजक्कांना उभं राहायला.

*

आता डोळ्यांचं. कळलं ते असं.

भट्टीच्या तोंडाशी बाहेर पडणारा हायड्रोजन जळत ठेवायचा, म्हणजे तो शेडमध्ये साठत नाही. या ज्योतीची गंमत अशी की दिवसाउजेडी ती दिसतच नाही. डोळे चांगले असले तरी नाही! म्हणून अण्णा नारळाच्या हिरांचा खराटा पुढे धरून ज्योत चाचपायचे. हिराचं टोक पेटलं की समजायचं, देवी जागेवर आहे.

तो खराटा जळून जळून बोटभर उरला. नवा मागवला तर स्टोअरनं कळवलं की खराटा फक्त सफाई खात्याला मिळतो. साहेबांनी गंभीर चेहऱ्यानं दुसरा कागद लिहिला: "हायड्रोजन फ्लेम डिटेक्टर, कोकोनट टाइप, नग एक." स्टोअरचं उलट विचारणं आलं, "इम्पोर्टेड की इंडिजिनस?" आम्ही आठवडाभर हसत होतो.

खराटा आला. अण्णांनी तो घेतला, पुढे धरला, टोक पेटलं. मी म्हणालो, "पेटला." अण्णांनी खराटा तसाच धरून ठेवला. जाळ हिरांवरून खाली सरकत मुठीजवळ आला तरी ते तसेच उभे. हाताला धग लागल्यावर त्यांनी तो झटकला आणि हसून म्हणाले, "बघत होतो, किती टिकतं ते."

त्यांचे डोळे ज्योतीकडे नव्हते, खराट्याकडेही नव्हते. नुसते समोर होते.

*

दुसऱ्या दिवसापासून मी एक युक्ती सुरू केली. बुगुरी बघायची आणि सहज म्हटल्यासारखं म्हणायचं, "अण्णा, आज बारा शोभतंय नाही?" अण्णा म्हणायचे, "हूं, शोभतंय." रजिस्टरमध्ये मी बारा लिहायचो. मला वाटायचं, काय बेमालूम करतोय मी!

त्यांना एकदाच, आडून विचारलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. आम्ही गेटबाहेर कॉफी पीत होतो. अण्णांचा चेहरा उतरला. "माझ्या वडलांचं झालतं रे. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस उताणं पडायचं, मान हलवायची नाय. चौथ्या दिवशी गावाकडनं बहीण आली. आवाज ऐकला नि उठून बसले. डोळा गेला. ज्याला थोडं दिसत होतं त्याला ठार दिसेना." मग कॉफीचा पेला बशीत ठेवत म्हणाले, "मला पण पडून राहता येत नाय. घरात विचार." घरात म्हणजे त्यांच्या पत्नी, रुक्मिणीअक्का.

*

रुक्मिणीअक्कांवरून दिवाळी आठवली. काच वितळवायच्या बर्नरला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलाचं बोटही लागता कामा नये, आग लागते. अण्णा सकाळी प्रत्येकाचे हात हुंगून मग ऑक्सिजनकडे पाठवायचे. एका नरकचतुर्दशीला भट्टी चालू ठेवावी लागली आणि आम्ही कामावर आलो. सगळे अभ्यंगस्नान करून! केसांतून, कानांमागून तेल निथळतंय. अण्णांनी एकेकाला हुंगलं आणि एकेकाला दारातच उभं केलं. साहेबांनासुद्धा! साहेब इतके ओशाळले की दोनदा साबणानं हात धुऊन आले, आणि दोनदा नापास झाले.

"अण्णा, मग तुम्ही?" मी विचारलं. "तुमच्याकडे नाही अभ्यंग?"

"आमच्यात संध्याकाळी असतं."

हे मी रुक्मिणीअक्कांना पुढे सांगितलं तेव्हा त्या पदराआड हसल्या. "आमच्यात कुठलं संध्याकाळी? गॅसच्या कामाला लागल्यापासून हे असं. पहाटे उठून आंघोळ करतात कोरडी, नि जातात. मी तेल गरम करते, गार होतं. संध्याकाळी आल्यावर परत गरम करते. अठरा दिवाळ्या झाल्या." तक्रार नव्हती ती. त्या दुसऱ्यांदा तापवलेल्या तेलाचा वास त्यांना जास्त आवडतो, असंही म्हणाल्या.

*

दिल्लीहून मोठे साहेब आले तो किस्सा तर सगळ्या कारखान्याला पाठ होता. हायड्रोजन सोडण्याआधी भट्टीतली हवा नायट्रोजननं हाकलायची, मग हायड्रोजन सोडायचा, आणि भट्टीतून बाहेर येणारा गॅस उलट्या परीक्षानळीत धरून लांब नेऊन पेटवायचा. शांत जळला तर हवा गेली. 'भक्' करून भुंकला तर अजून हवा आहे, पुन्हा नायट्रोजन. अण्णांना नळी दिसत नसेल, भुंकणं व्यवस्थित ऐकू यायचं.

मोठे साहेब दारात, हार घातलेले, घड्याळ बघतायत. नळी भुंकली. अण्णांनी पुन्हा नायट्रोजन लावला, दहा मिनिटं. पुन्हा परीक्षा, पुन्हा भुंकली! कुठेतरी एक नट सैल होता. साबणपाणी लावून तो शोधण्यात आणखी वेळ गेला. मोठे साहेब चिडले. "मी ऑर्डर देतो, सुरू करा!"

सुब्रह्मण्यम साहेबांच्या कपाळावर घाम. अण्णा अदबीनं उठले. "सर, ऑर्डर तुम्ही मला देऊ शकता. मी लगेच ऐकीन. पण हायड्रोजनला कोण सांगणार?"

मोठे साहेब अर्धा तास बाकावर बसले. नंतर जाताना त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला. अण्णा त्यांच्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघून हसत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सुब्रह्मण्यम साहेब अण्णांचं दुसरं कोपर मागून हळूच धरून त्यांना मोठ्या साहेबांच्या दिशेला वळवतायत!

म्हणजे साहेबांनाही माहीत होतं.

*

आणि सरोजक्कांनाही. हे कळलं त्या दिवसाबद्दल बोलताना मला अजूनही हसू येत नाही, म्हणजे सुरुवातीला येत नाही.

अण्णांचा एक नियम होता, तो ते गायत्रीसारखा म्हणायचे: "एका व्हॉल्व्हला एकच हात." जो बसला तोच फिरवणार. दुसऱ्याला वाटलं तर त्यानं तोंडानं सांगायचं, हातानं नाही.

त्या दुपारी अण्णांनी हायड्रोजन लावला आणि ते पाणी प्यायला उठले. मी बघतो तर बुगुरी तेरावर. मनात म्हटलं, बिचाऱ्यांना दिसलं नसेल, कशाला बोलून लाजवायचं. मी बसल्या जागेवरून व्हॉल्व्ह हळूच बंद केला, स्वल्प. बुगुरी बारावर आली आणि मी रजिस्टर भरायला टेबलाकडे गेलो.

एवढ्यात साहेब राउंडला आले. त्यांना माझा हात दिसला नव्हता, पण त्यांनीही चार दिवसांपासून ठरवलं होतं म्हणे की रामोजी जरा जास्तच लावतात. उभ्यानं, वरून बघून, आकडा जास्त दिसला. त्यांनीही फिरवला, स्वल्प. आणि तक्ते करणारे आमचे साहेब तक्त्यात न लिहिता निघून गेले!

मग सरोजक्का आल्या. त्यांना व्हॉल्व्हला हात लावायची परवानगीच नव्हती. पण अण्णांना सांभाळायला परवानगी कशाला लागते? त्यांनी पाटावर न चढता, खालून, चवड्यांवर उभं राहून, अंदाजानं फिरवला. वाढवायचा होता त्यांना. फिरवला उलटा.

मी रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात 'बारा' लिहीत होतो.

अण्णा पाणी पिऊन येत होते. भट्टीपासून दहा पावलांवर ते थांबले. भट्टीच्या तोंडाशी जळणाऱ्या ज्योतीची फुरफुर शोधत मान एका बाजूला झाली. "जाळ बोलेना," ते म्हणाले. आणि मग मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं असं पाहिलं. चाचपणं नाही, अडखळणं नाही. तीन पावलांत पॅनेल, उजव्या हातानं हायड्रोजन बंद, डाव्या हातानं नायट्रोजन पूर्ण उघडा. "बाहेर! सगळे बाहेर! देसाय, अक्काला घेऊन जा!" आवाज असा की मी सरोजक्कांना अक्षरशः उचलून बाहेर नेलं. अण्णा स्वतः तिथेच राहिले, नायट्रोजनच्या नळीवर हात ठेवून, ती गार पडतेय, म्हणजे गॅस वाहतोय, की नाही ते बघत.

काही झालं नाही. पंधरा मिनिटांनी ते बाहेर आले, आम्ही चिंचेच्या झाडाखाली उभे होतो तिथे.

"कोणी हात लावला?"

मी हात वर केला. सरोजक्कांनी केला. आणि आमच्या मागून, मान खाली घालून, सुब्रह्मण्यम साहेबांनी केला! आम्ही तिघं एकमेकांकडे बघतच राहिलो. साहेबांचं मला ठाऊक होतं, बाकी इतके महिने ज्याला त्याला वाटत होतं की हे गुपित आपल्या एकट्याचं.

अण्णांनी आम्हा तिघांच्या दिशेनं अंदाजानं पाहिलं. "मी तेरावर लावलता. मुद्दाम. आज तुकडे जास्त होते भट्टीत." मग म्हणाले, "मला दिसत नाय ते तुम्हाला माहीत हाय, ते मला माहीत हाय. दिसत नाय तर मी विचारतो. कान लावतो. दोनदा बघतो. तुम्हाला दिसतं नि तुम्ही विचारत नाय. आंधळा कोण रे?"

सरोजक्का रडायला लागल्या. अण्णांचाच आवाज मग खाली आला. "माया करायची तर घरी येऊन कॉफी प्या. व्हॉल्व्हवर करू नका."

त्याच संध्याकाळी त्यांनी हायड्रोजनच्या सिलिंडरची चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "मी ऑपरेशन करून येतो, सर. दिसलं तर द्या. नाय दिसलं तर सुतळीचं कसब आत्तापासून शिकतो."

साहेब म्हणाले, "मेडिकलला अजून तीन महिने आहेत, मिस्टर रामोजी."

"मेडिकलला हायत, सर. भट्टीला नायत."

*

ऑपरेशन झालं एका डोळ्याचं, पण पट्टी दोन्ही डोळ्यांना. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठ दिवस उताणं, मान हलली तर टाके सुटतील आणि मग माझ्याकडे येऊ नका. रुक्मिणीअक्का रात्रंदिवस उशाशी. चमच्यानं पेज भरवायच्या आणि मध्येच विचारायच्या, "झोपलात का?" कारण पट्टी असली की ते कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी चार वाजता सरोजक्का आणि मी भेटायला गेलो तर वॉर्डात गोंधळ. सिस्टर अण्णांच्या खाटेपाशी उभी राहून ओरडतेय, रुक्मिणीअक्का तोंडात पदर धरून बसलेल्या. अण्णा उताणे, दोन पिशव्यांच्या मध्ये, ओठ घट्ट मिटलेले, रागावलेल्या मुलासारखे.

काय झालं ते शेजारच्या खाटेवरच्या माणसानं सांगितलं. यशवंतपूर स्टेशनचे रिटायर्ड गार्ड होते ते. मोतीबिंदूसाठी आले होते, त्यात ऑपरेशनआधीच दम्यानं गाठलं, म्हणून त्यांना ऑक्सिजन लावला होता. गॅस पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत यायचा आणि रबरी नळीनं नाकात जायचा. अण्णा दोन दिवस ती बुडबुड ऐकत पडले होते. गार्डना म्हणाले होते, "छान लावलंय सिस्टरनं. एकसारखं हाय."

दुपारी सिस्टर पलीकडच्या वॉर्डात पळाली, तिथे कोणीतरी अत्यवस्थ होतं. रुक्मिणीअक्का खाली औषध आणायला गेलेल्या. आणि बुडबुड थांबली.

अण्णांनी हाक मारली. पुन्हा मारली. बाकीच्या खाटांवर सगळे पट्टीवाले, सगळे उताणे. गार्डना बोलता येईना, नुसता घरघर आवाज येत होता.

"मला वाटलं, संपलं," गार्ड आम्हाला सांगत होते, अजूनही धाप लागत होती. "आणि मग बघतो, हा माणूस उठून बसला. पट्टी बांधलेला! दोन्ही हात पुढे करून आला. आधी सिलिंडरला हात लावला, मग बाटलीला, मग नळी बोटांत धरून चिमटीनं चालत चालत खाली. पडद्याच्या स्टँडचं चाक नळीवर चढलं होतं. ते सरकवलं. बुडबुड आली. दहा मोजेपर्यंत ऐकत उभा राहिला. मग तसाच मागे जाऊन झोपला."

डॉक्टर धावत आले. तेही भडकले होते, पण आवाज हळू होता. "तुम्ही ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह फिरवलात?"

"छे!" अण्णांना ते फार लागलं. "तो व्हॉल्व्ह सिस्टरचा हाय."

डॉक्टरांनी रुक्मिणीअक्कांना बाहेर बोलावून सांगितलं की आता काही खरं नाही. आत रक्त आलं असेल तर डोळा गेला. पट्टी आणखी दोन दिवस उघडायची नाही, वाट बघायची. अण्णांना कोणी सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरजही नव्हती. ते फक्त एवढंच म्हणाले, "बाबांची बहीण आली होती. माझा गार्ड आला."

त्यानंतर सात दिवस ते हलले नाहीत. माशी नाकावर बसली तरी नाही.

दहाव्या दिवशी सकाळी पट्टी उघडायची होती. सरोजक्का अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आल्या, मी आलो, सुब्रह्मण्यम साहेब आमच्याही आधी येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे होते. पलीकडून गार्ड उशा लावून बसलेले. रुक्मिणीअक्कांनी अण्णांचा हात धरला होता. की अण्णांनी त्यांचा, ते सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांनी एकेक वेढा सोडवला. डोळा कोमट पाण्याच्या कापसानं पुसला. अण्णांनी पापणी उघडली आणि लगेच मिटली. पुन्हा उघडली. पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी बाटलीच्या बुडाएवढं जाड भिंग त्या डोळ्यापुढे धरलं.

"काय दिसतंय?"

अण्णांनी मान जराशी पुढे काढली.

डॉक्टरांनी दुसऱ्या हाताची बोटं वर केली. "ही किती?"

अण्णा बोटांकडे बघतच नव्हते. नजर बोटांच्या पलीकडे गेली होती, खाटेच्या पायथ्याकडे. तिथेच थांबून राहिली. सरोजक्कांनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. रुक्मिणीअक्कांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब," अण्णा हळूच म्हणाले, "तुमच्या शर्टाची गुंडी चुकली हाय. वरनं दुसरी. तिथनं खाली सगळ्याच चुकल्यात."

आम्ही सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. सकाळपासून दीड तास आम्ही त्यांच्याशेजारी उभे होतो.

साहेबांनी शर्टाकडे हात नेला, आणि मग तसाच खाली सोडला. त्या दिवशी ते तिथून थेट कारखान्यात गेले, मीटिंगला बसले, दोन्ही शिफ्टच्या लोकांसमोरून फिरले, आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत त्यांनी ती गुंडी नीट केली नाही.